नर्सिंगचा अर्ज अकरावीतच सुरू होतो

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या आमच्या हायर सेकंडरीच्या पायऱ्यांवर दरवर्षी तेच दृश्य दिसते. मुलीच्या हातात प्लास्टिकची फाईल असते, सोबत आई किंवा मामा असतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "सर, नर्सिंगचा फॉर्म कधी सुटतो?" मी जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मला मनातल्या मनात हळहळावे लागते, कारण अर्जाचे निम्म्याहून अधिक काम तोवर एकतर होऊन गेलेले असते किंवा कायमचे राहून गेलेले असते. संकेतस्थळावर भरायचा फॉर्म हा त्या कामाचा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग आहे. म्हणून हा लेख निकालानंतरच्या मुलांपेक्षा सध्या अकरावीत असलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी अधिक आहे.

प्रथम कोणता अभ्यासक्रम ते ठरवावे लागते, कारण "नर्सिंग" या एका शब्दाखाली निरनिराळी शिक्षणे येतात. एएनएम (सहायक परिचर्या व प्रसूती) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्याला कोणत्याही शाखेची बारावी चालते. जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूती) तीन वर्षांचा आहे. त्यालाही कोणतीही शाखा चालते, विज्ञान असल्यास प्राधान्य मिळते, मात्र एकूण ४० टक्के आणि इंग्रजीत ४० टक्के गुण लागतात. बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी आहे, २०२१ च्या नव्या नियमांनुसार ती आठ सत्रांत विभागलेली आहे, आणि तिला विज्ञान शाखाच हवी. जीएनएम केल्यानंतर पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी घेता येते, त्यामुळे कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलीला पदवीचा दरवाजा बंद असतो असे समजण्याचे कारण नाही. तिला वळसा घालून जावे लागते इतकेच. गोव्यात सरकारी पदवीचे शिक्षण बांबोळीच्या इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशनमध्ये मिळते. ही संस्था गोवा विद्यापीठाला संलग्न आहे. यापुढचा बहुतेक मजकूर याच पदवीला धरून आहे.

टक्क्यांचा हिशेब

भारतीय परिचर्या परिषदेच्या, म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या, नियमानुसार बीएस्सी नर्सिंगसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती व जमातींसाठी ही मर्यादा ४० टक्के आहे, आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. वयाची १७ वर्षे प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण झालेली असावी लागतात. वाचायला हे सोपे आहे, पण घरोघरी त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो, कारण पालक गुणपत्रिकेच्या तळाशी असलेली एकूण टक्केवारी पाहतात आणि निर्धास्त होतात.

एक उदाहरण घेऊ. एका मुलीला भौतिकशास्त्रात ४०, रसायनशास्त्रात ३९ आणि जीवशास्त्रात ५२ गुण आहेत. भाषांनी आणि चौथ्या विषयाने तिला हात दिला म्हणून तिची एकूण टक्केवारी ६२ झाली आहे. पण तीन विषयांची बेरीज होते १३१, आणि ३०० पैकी १३१ म्हणजे ४३.६७ टक्के. ती खुल्या गटातली असेल तर तिचा अर्ज पात्रच ठरत नाही. तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलीला याच तीन विषयांत ३८, ४१ आणि ६० गुण मिळाले आहेत. तिची एकूण टक्केवारी ५८ आहे, पण तिची बेरीज १३९ भरते आणि ती ४६.३३ टक्क्यांनी आत येते. लक्षात ठेवायचा आकडा १३५ हा आहे. तो अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेवावा असे मी मुलांना सांगतो, आणि काही जणी खरोखरच लिहितात.

त्याहून मोठी चूक अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी होते. आपल्याकडे विज्ञान शाखेत जीवशास्त्र सोडून गणिताबरोबर संगणकशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र घेण्याची सोय अनेक ठिकाणी असते. जीवशास्त्राचा जाड ग्रंथ आणि आकृत्या नकोत म्हणून मुले तो विषय टाळतात आणि दोन वर्षांनी नर्सिंगच्या रांगेत येऊन उभी राहतात. तेव्हा करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

परीक्षा आणि तारखा

परिषदेच्या २०२१ च्या नियमांत प्रवेश परीक्षेचा एक आराखडा दिला आहे, आणि तो मला फार बोलका वाटतो: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी यांना प्रत्येकी २० गुण, आणि उरलेले २० गुण परिचर्येविषयीच्या कलाला (अ‍ॅप्टिट्यूडला). म्हणजे शंभरातले वीस गुण विद्यार्थ्याला हे काम मुळात कसे आहे हे कळले आहे की नाही यासाठी राखलेले आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूती आयोगाच्या कायद्यातही समान प्रवेश परीक्षेची तरतूद आहे. दिशा स्पष्ट आहे. केवळ बारावीच्या गुणांवर पदवीला प्रवेश मिळण्याचे दिवस सरत आले आहेत.

गोव्यात व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांचे प्रवेश पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होतात. संचालनालय दरवर्षी माहितीपुस्तिका काढते आणि कोणत्या अभ्यासक्रमासाठी कोणत्या परीक्षेचे गुण धरले जातील, जागांची वाटणी कशी असेल आणि कोणते दाखले कोणत्या नमुन्यात हवेत हे तिच्यात छापलेले असते. गेल्या वर्षीच्या ताईने काय केले यावर विसंबून न राहता चालू वर्षाची पुस्तिका मुळातून वाचावी. ती लांबलचक आणि रुक्ष असते हे मान्य आहे, परंतु गोव्यातल्या अर्जाविषयीचे इतके अधिकृत वाचन दुसरीकडे मिळणार नाही.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा फॉर्म मात्र प्रत्येकीने भरून ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. अलीकडच्या वर्षांत हा फॉर्म फेब्रुवारी ते मार्चच्या सुमारास भरून घेतला जातो आणि परीक्षा मेच्या आरंभी होते. बारावीच्या निकालाची वाट पाहत बसलेल्या मुलीची मुदत त्यामुळे आपोआप टळते. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, त्यांतले निम्मे गुण जीवशास्त्राचे असतात, बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक गुण कापला जातो. डॉक्टर व्हायचे नसताना ही परीक्षा कशाला द्यायची, असे पालक विचारतात. त्याचे एक उत्तर सैन्यदलात आहे. सैनिकी परिचर्या सेवेच्या बीएस्सी नर्सिंगसाठी २०२२ पासून नीटचे गुण लागतात. हा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे. पुणे, मुंबई, कोलकाता, दिल्ली, लखनौ आणि बंगळूर या सहा ठिकाणी मिळून त्याच्या २२० जागा आहेत, त्यांतल्या ४० मुंबईच्या नौदल रुग्णालयात, 'अश्विनी'त आहेत. नीटच्या गुणांवरून निवडलेल्या मुलींची पुढे बुद्धिमत्ता व इंग्रजीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. वास्कोत लहानपणापासून नौदलाचे गणवेश पाहणाऱ्या मुलींनाही हा मार्ग ठाऊक नसतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

कागद एकमेकांशी बोलले पाहिजेत

आता ज्या भागात सर्वाधिक अर्ज अडकतात त्याकडे येऊ. अर्ज तपासणारा कारकून उमेदवाराला ओळखत नाही. त्याच्यासमोर फक्त कागद असतात, आणि सगळे कागद एकाच व्यक्तीचे आहेत याची त्याला खात्री पटावी लागते. गोव्यात ही खात्री पटवणे इतर ठिकाणांपेक्षा थोडे कठीण आहे, आणि त्याला इतिहास कारणीभूत आहे. आजोबांच्या नोंदीत नाईक हे आडनाव पोर्तुगीज वळणाने, 'क'साठी क्यू अक्षर घालून लिहिलेले असते. कामत 'सी'ने सुरू होतो, शंकर 'एक्स'ने. वडिलांच्या जन्मनोंदीत एक रूप, आधार कार्डावर दुसरे आणि मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरे. आईची गोष्ट आणखी वेगळी. लग्नात नाव बदलण्याची चाल आपल्याकडे असल्यामुळे मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे नाव असते, तर रेशन कार्डावर सासरचे, आणि ही दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे गावातल्या सर्वांना माहीत असले तरी कागदावर कुठेही लिहिलेले नसते.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण अवघड नाही. मुलीच्या स्वतःच्या नावासाठी दहावीच्या प्रमाणपत्रावरचे स्पेलिंग प्रमाण मानावे आणि आधार, बँकेचे खाते, परीक्षेचे फॉर्म हे सर्व अकरावीच्या दिवाळीच्या सुटीत त्याच्याशी जुळवून घ्यावे. आईवडिलांच्या नावांत फरक असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांसाठी तलाठी, मामलेदार आणि उपजिल्हाधिकारी यांच्या कार्यालयांत फेऱ्या माराव्या लागतात, आणि जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर तिथे सगळ्या तालुक्याची गर्दी लोटते. त्यातले उत्पन्नावर अवलंबून असलेले दाखले जुने चालत नाहीत, म्हणून ते फार आधीही काढता येत नाहीत. बाकीचे मात्र अगोदर तयार ठेवता येतात. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, तरीही सांगे, काणकोणकडच्या काही घरांत अजून वडिलांच्याच नावाचा दाखला नसतो आणि मुलीसाठी सुरुवातीपासून पुरावे गोळा करावे लागतात. अशा घरांनी एक वर्ष हाताशी ठेवावे.

सायबर कॅफेविषयी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीचा फॉर्म असाच बाजारातल्या एका दुकानात भरला गेला. मोबाईल क्रमांक आणि ईमेल दोन्ही दुकानदाराचे दिले होते, कारण तिच्या फोनमध्ये रिचार्ज नव्हता. कागदपत्रातली त्रुटी दुरुस्त करण्याचा संदेश आला तो त्याच्या फोनवर, आणि तो चतुर्थीला गावी गेलेला होता. तो परत येईपर्यंत मुदत संपली. त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता, पण एक वर्ष गेले. फॉर्म कुठेही भरा. फोन आणि ईमेल स्वतःचा द्या, पासवर्ड वहीत लिहा आणि भरलेल्या फॉर्मची छापील प्रत व पावती क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

स्वतःविषयी चार ओळी

सरकारी प्रवेशात गुणवत्ता यादी चालते आणि तिथे मनोगताला जागा नसते. परंतु काही खासगी महाविद्यालये, शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्था आणि परदेशी विद्यापीठे "तुम्हाला परिचारिका का व्हायचे आहे" हे लेखी मागतात, आणि मुलाखतीत तर हाच प्रश्न पहिला असतो. इथे आमची मुले गडगडतात. एकदा माझ्यासमोर चार अर्ज आले. चारही गावे वेगळी, मुली वेगळ्या, पण परिच्छेद एकच, आणि त्यातल्या एका शब्दाची स्पेलिंगची चूकही चौघींची तीच. दुकानदाराने संगणकात साठवून ठेवलेला मजकूर सर्वांना चिकटवला होता.

पेडण्याकडच्या एका मुलीने मला तिचा पहिला मसुदा दाखवला तेव्हा त्यात लिहिले होते की तिला लहानपणापासून रुग्णसेवेची आवड आहे आणि परिचारिका ही देवाचे रूप असते. मी तिला विचारले, तू इस्पितळात शेवटची कधी गेली होतीस? तर आजी आठ दिवस दाखल होती आणि हीच रात्री सोबत राहत होती. मग काय पाहिलेस? थोडा वेळ ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, "नर्स दर वेळी इंजेक्शन देण्याआधी आजीला तिचे पूर्ण नाव विचारायची. तीन दिवस झाले होते, तिला नाव पाठ होते, तरी विचारायची आणि कागदावर बघायची. आजी चिडायची." मी म्हटले, हेच लिही. औषध देण्यापूर्वी रुग्णाची ओळख रुग्णाच्याच तोंडून पडताळून घेणे हा परिचर्येतल्या सुरक्षिततेचा पायाभूत नियम आहे. तो या मुलीने पुस्तकाशिवाय पाहिला होता. दुसऱ्या मसुद्यात तिने लिहिले की आधी तिला ते विनाकारण वाटले, मग शेजारच्या खाटेवर त्याच आडनावाची दुसरी बाई आली तेव्हा त्याचे कारण कळले. देवाचे रूप त्या मसुद्यातून आपोआप गळून पडले.

आपल्याकडच्या बऱ्याच मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून झालेले असते आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यम सुरू होते. इंग्रजीत मनोगत लिहायला बसले की ती घाबरून पाठ केलेल्या वाक्यांकडे वळतात. त्यांनी आधी मराठीत किंवा कोकणीत, घरी बोलतात तसे, काय पाहिले ते लिहावे आणि नंतर छोट्या, साध्या वाक्यांनी इंग्रजीत आणावे. वाक्य साधे असल्यामुळे अर्ज फेटाळला गेल्याचे मी आजवर ऐकलेले नाही.

ब्रिटनमध्ये नातेवाईक असलेली कुटुंबे गोव्यात पुष्कळ आहेत, म्हणून तिथल्या पद्धतीचा उल्लेख करतो. तिथल्या विद्यापीठांचे अर्ज यूकास या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात, आणि २०२६ च्या प्रवेशापासून तिने एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे: हा विषय का शिकायचा आहे, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले व त्याचा उपयोग काय. तिन्ही मिळून ४,००० अक्षरांची मर्यादा आहे, रिकाम्या जागा धरून. परदेशी जायचे नसले तरी मुलाखतीची तयारी म्हणून हे तीन प्रश्न वहीत लिहून सोडवावेत. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर अजून वेळ आहे तोवर काहीतरी करता येते: प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शिबिरात मदत, रेडक्रॉस किंवा एनएसएसचे प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, नाहीतर घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाची रोजची देखभाल. शेवटची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी वाटतच नाही, आणि मला विचाराल तर तीच सर्वांत वजनदार आहे.

मुलाखतीत "डॉक्टर का नाही?" हा प्रश्न हमखास येतो. नीटमध्ये कमी गुण पडले म्हणून इकडे वळले असाल तर ते लपवू नये, कारण समोरच्यांना ते दिसतच असते. मात्र वळल्यानंतर या कामाविषयी काय समजून घेतले हे सांगता आले पाहिजे. रात्रपाळी करशील का, असे विचारल्यावर उत्तर आईने देऊ नये. संस्थेविषयी जुजबी माहितीही असावी, पण योग्य ती. मुलाखतीच्या सरावात एकीने मला गोवा मेडिकल कॉलेजची परंपरा १८४२ च्या वैद्यकीय शाळेपर्यंत घडाघडा सांगितली आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष वॉर्डात काम करावे लागते, शेवटच्या सत्रात तर पूर्ण इंटर्नशिप असते, हे ऐकून ती चकित झाली. मुलग्यांसाठी एक सूचना: सैनिकी सेवा आणि केवळ मुलींसाठी असलेल्या काही संस्था यांचा अपवाद सोडला तर बीएस्सी नर्सिंगला मुलगेही अर्ज करू शकतात.

राज्याबाहेर जाताना

जागा मर्यादित असल्यामुळे बेळगाव, मंगळूर, कोल्हापूरकडे जाणारी मुले बरीच असतात, आणि त्यांच्या आधी तिथले दलाल गावात पोहोचलेले असतात. महाविद्यालयाची मान्यता दलालाच्या रंगीत पत्रकावरून ठरत नाही. ती भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि त्या राज्याच्या नर्सिंग परिषदेच्या यादीत, त्या चालू वर्षासाठी पाहावी. विद्यापीठाची संलग्नता वेगळी तपासावी. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा: तुमचे स्वतःचे रुग्णालय किती खाटांचे आहे आणि मुली प्रत्यक्ष कामासाठी कुठे जातात? परिषदेच्या मानकांत विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असे प्रमाण धरलेले आहे. सुंदर इमारत आणि रिकामे वॉर्ड असतील तर चार वर्षांत पुतळ्यावर सुई टोचण्यापलीकडे हाताला फारसे वळण लागणार नाही. आणि जागा राखून ठेवण्याच्या नावाखाली मूळ गुणपत्रिका कोणाच्याही हातात देऊ नये. ती परत मिळवण्यासाठी पैसे मोजावे लागल्याची उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत.

वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला शेवटच्या आठवड्यात मिळतो, पण हिपॅटायटिस बीची लस तशी मिळत नाही. लहानपणी ती पूर्ण झालेली नसेल तर तिचे तीन डोस घ्यावे लागतात: पहिला, मग एका महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा. सप्टेंबरमध्ये वॉर्डात पाऊल ठेवायचे असेल तर पहिला डोस मार्चच्या आत हवा. लसीकरणाचे कार्ड सापडत नसेल तर आधी ते शोधावे. आमच्याकडे ते बहुधा देवघराच्या खणात असते.

फॉर्म भरल्यावर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते आणि हरकतींसाठी मोजकेच दिवस मिळतात. यादीत नाव आले की मुले आनंदाने फोटो काढून पाठवतात. मी त्यांना आपल्या ओळीतला प्रत्येक रकाना, म्हणजे गुण, जन्मतारीख आणि प्रवर्ग, बोट ठेवून वाचायला सांगतो. गेल्या खेपेला एका मुलीचा प्रवर्ग रकान्यात पडलाच नव्हता. तिने त्याच दुपारी दाखल्याची प्रत जोडून लेखी हरकत दिली, पोच घेतली आणि चारच्या बसने घरी गेली.